नियम पाळला की नाही, हे पाळणाऱ्याला कळू द्या

प्रति,
स्पॅमविरोधी कायदे राबवणाऱ्या सर्व नियामक संस्था
आणि कोट्यवधी लोकांचे मेलबॉक्स सांभाळणाऱ्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

छोट्या ऑनलाइन व्यवसायांच्या मेलची तांत्रिक बाजू सांभाळणं हे माझं काम. कुणी स्वतः शिवलेल्या पिशव्या विकतं, कुणी चित्रकलेचे ऑनलाइन वर्ग घेतं, कुणी हिशेबाचं लहानसं ॲप बनवून त्याची वर्षाची वर्गणी घेतं. धंदा चालवणारं माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतं. माल तयार करायचा, फोटो काढायचे, पार्सल बांधायची, तक्रारींना उत्तरं द्यायची, सगळं एकट्यानं किंवा एकटीनं. मेल पाठवणं हे त्या यादीत बरंच खाली असतं. ते बिघडलं की मला विचारणा होते.

सरकारी नियामक आणि मेलबॉक्स देणाऱ्या कंपन्या, दोघांना मी एकाच पत्रात लिहिते आहे, कारण पाठवणाऱ्याला दोघांचे नियम एकाच वेळी पाळावे लागतात. आपण मात्र एकमेकांशी फारसं न बोलता नियम करता, आणि या दोन नियमावल्यांच्या मध्ये छोटा धंदा सापडतो.

आधीच स्पष्ट करते की स्पॅमविरोधी नियम सैल करा, असं मागण्यासाठी हे पत्र नाही. जगात फिरणाऱ्या मेलपैकी जवळपास निम्मे नको असलेले असतात, आणि त्यांत नुसत्या जाहिराती नसतात. बँकेच्या नावानं पासवर्ड मागणारे, खोटी बिलं पाठवणारे, म्हाताऱ्या माणसांची पुंजी लुटणारे मेल त्यात असतात. लोकांचा ईमेलवरचा विश्वास उडाला, तर सगळ्यात आधी बुडेल तो छोटा धंदा. समाजमाध्यमांवरची पोहोच दुसऱ्याच्या अल्गोरिदमवर चालते आणि जाहिरातीला पैसा लागतो. ग्राहकानं आपणहून दिलेल्या पत्त्यांची यादी ही मात्र छोट्या व्यावसायिकाची स्वतःची असते. सेवा बदलली तरी ती बरोबर नेता येते. म्हणून नियम हवेतच, आणि कडक हवेत.

माझी तक्रार वेगळी आहे. आज प्रामाणिकपणे नियम पाळणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला आपण ते नीट पाळले की नाही, हे कळण्याची सोय नाही. चुकलं असेल तर कुठे चुकलं हे कुणी सांगत नाही. आणि काहीच चुकलं नसताना मेल अडवला गेला, तर दाद कुणाकडे मागायची याचं उत्तर ना कायद्यात आहे, ना कंपन्यांच्या मदतपानांवर.

आधी कायद्यांबद्दल. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यात आधी संमती घेण्याची सक्ती नाही. पाठवणारा कोण हे खरं सांगा, विषयाची ओळ फसवी लिहू नका, टपालाचा पत्ता द्या, आणि कुणी 'नको' म्हटलं की १० कामकाजाच्या दिवसांत नाव काढा, एवढ्यावर तो भागतो. युरोपीय संघाची भूमिका उलटी: २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशानुसार आधी संमती हवी, आणि २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांगतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ ला लागू झाला. तो स्पष्ट संमती आणि गृहीत संमती असा फरक करतो. खरेदी केली असेल तर दोन वर्षं, नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने, एवढी गृहीत संमतीची मुदत. ऑस्ट्रेलियाच्या २००३ च्या कायद्यात नाव काढायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात.

यातला एकही नियम वाचून मला अन्याय्य वाटलेला नाही. त्रास पुढे सुरू होतो. हे कायदे पाहतात ते मेल घेणारा कुठे आहे हे. कॅनडातल्या संगणकावर मेल उघडला जाणार असेल तर कॅनडाचा कायदा लागतो, युरोपातल्या माणसाची माहिती साठवली तर जीडीपीआर येऊ शकतो. विणकामाचे नमुने पीडीएफ स्वरूपात विकणाऱ्या बाईंकडे ग्राहकाचा काय असतो? एक ईमेल पत्ता आणि पैसे मिळाल्याची नोंद. पार्सल जात नाही, त्यामुळे घरचा पत्ता घेण्याचं कारण नाही. घेतला तर जास्तीची माहिती गोळा केल्याचा ठपका, कारण जीडीपीआरच म्हणतो की गरजेपुरतीच माहिती घ्या. नाही घेतला तर कुठला कायदा लागू हे ठरवता येत नाही. मोठ्या कंपनीत हे ठरवायला वकिलांचा विभाग असतो. इथे त्या बाई रात्री चार देशांची सरकारी पानं उघडून बसतात, आणि शेवटी सगळ्यांत कडक नियम पाळून मोकळ्या होतात. कायद्यानं त्यांना दिलेली मुभा त्यांच्या वाट्याला कधी येतच नाही.

ही मुभा खरी आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. ई-प्रायव्हसी निर्देशाच्या तेराव्या कलमात म्हटलं आहे की विक्रीच्या वेळी ग्राहकाचा पत्ता मिळाला असेल आणि तेव्हा व नंतरच्या प्रत्येक मेलमध्ये नकाराची सोपी सोय दिली असेल, तर आपल्याच तत्सम वस्तूंबद्दल मेल पाठवता येतो. छोट्या धंद्यासाठीच जणू केलेली ही तरतूद. पण २०१८ च्या मे महिन्यात काय झालं ते आठवा. 'आम्हाला पुन्हा संमती द्या' अशा मेलचा जगभर पूर आला. त्यांतल्या अनेकांना ती विचारायची गरज नव्हती. जुन्या ग्राहकांशी बोलण्याचा हक्क त्यांच्याकडे होताच. अशा मेलला उत्तर देणारे नेहमीच थोडे असतात. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं पुसली गेली, आणि कित्येक वर्षं एकेक करून जमवलेली यादी एका आठवड्यात आटली. नियामकांनी तेव्हा चार सोप्या वाक्यांत 'तुम्हाला हे करण्याची गरज नाही' असं मोठ्यानं सांगितलं असतं, तर ते नुकसान टळलं असतं. मार्गदर्शन होतं, पण ते लांबलचक कागदपत्रांत, वकिलांच्या भाषेत.

पुन्हा संमती विचारणंही धोक्याचं ठरू शकतं, हे त्याआधी वर्षभर दिसून आलं होतं. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं फ्लायबी या विमान कंपनीला ७०,००० पौंड आणि होंडा मोटर युरोपला १३,००० पौंड दंड केला. पसंती तपासा किंवा माहिती अद्ययावत करा, असं सांगणारे मेल हेही जाहिरातीच ठरतात, असं कार्यालयाचं म्हणणं होतं. फ्लायबीनं तर आधी नकार दिलेल्यांनाच लिहिलं होतं. निर्णय मला योग्य वाटतो. पण इतक्या मोठ्या कंपन्यांचा पाय जिथे घसरला, तिथे घरातून धंदा करणाऱ्या एकट्या माणसानं न घाबरता चालावं, अशी अपेक्षा कशी करायची? भीतीनं माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. काही मेल पाठवणंच सोडतात. काही नियम न वाचताच पाठवत राहतात, कारण वाचूनही कळत नाहीत. दोन्हींत आपला कायदा हरतो.

आता पत्त्याचा प्रश्न. कॅन-स्पॅम प्रत्येक जाहिरात-मेलखाली टपालाचा वैध पत्ता मागतो. कॅनडाही मागतो. हेतू चांगला आहे: पाठवणारा खराखुरा असावा, शोधता यावा. पण घरातून धंदा करणाऱ्या बाईचा टपालाचा पत्ता म्हणजे तिच्या घराचा दरवाजा. तो शेकडो, कधी हजारो अनोळखी लोकांच्या मेलबॉक्समध्ये कायमचा जाऊन बसतो. पाठलाग, धमक्या किंवा जुन्या नात्यातला छळ भोगलेल्या बायका माझ्या कामात मला भेटल्या आहेत. त्यांच्या दृष्टीनं मेलच्या तळाशी असलेली ती ओळ म्हणजे धंदा करावा की नाही हा निर्णय असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की रीतसर नोंदवलेली पोस्टाची पेटी किंवा खासगी टपालपेटी चालते. हे फार चांगलं झालं, आणि फारच थोड्यांना माहीत आहे. जर्मनीत मात्र व्यावसायिक मजकुराखाली प्रत्यक्ष नोटीस बजावता येईल असा पत्ता लागतो, नुसती पोस्टाची पेटी पुरत नाही. नियामकांनी पत्ता स्वतःकडे नोंदवून घ्यावा आणि मेलखाली फक्त नोंदणी क्रमांक छापायची मुभा द्यावी. ज्याला कायदेशीर कारण आहे त्याला पत्ता मिळेल. ज्याला नाही त्याला मिळणार नाही. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी त्याचं घर जाहीर करावं लागत नाही.

इथवर नियामकांशी बोलले. आता मेलबॉक्स सांभाळणाऱ्या कंपन्यांशी, कारण रोजच्या कामात ज्या नियमांनी धंदा अडतो, ते आपले आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जीमेल आणि याहूनं नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ पासून आपल्या घरगुती मेलसेवेसाठी तशीच पावलं उचलली. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदींनी पाठवणाऱ्या डोमेनची, म्हणजे मेलपत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, खातरजमा व्हावी, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडता यावं, तक्रारींचं प्रमाण मर्यादेत राहावं. जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात, बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक तरी.

तांत्रिक दृष्टीनं हे नियम चांगले आहेत, आणि ते दहा वर्षं आधी यायला हवे होते असं माझं मत आहे. एका क्लिकच्या सोयीचं मानक २०१७ पासून लिहून तयार होतं. ते नीट विचार करून केलेलं आहे: मेल तपासणारी सुरक्षा-यंत्रं आपोआप दुवे उघडून पाहतात, त्यामुळे पूर्वी ग्राहकाला न विचारताच त्याचं नाव यादीतून निघून जायचं. नव्या पद्धतीत नुसता दुवा उघडून नाव निघत नाही. ज्यांनी हे घडवलं त्यांचे आभार मानायला हवेत.

अडचण मर्यादेच्या आकड्यात आहे. जीमेल सांगतं की स्पॅम म्हणून केलेल्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत. ही अपेक्षा लहान-मोठ्या सगळ्यांकडून आहे. आता गणित करून पाहा. लाखभर मेल पाठवणाऱ्या कंपनीला ०.३ टक्के म्हणजे ३०० तक्रारी. तीनशेपैकी दहा-वीस चुकून पडलेल्या असल्या तरी तिला फरक पडत नाही. माझ्याकडच्या एखाद्या धंद्याच्या यादीत जीमेलचे २०० पत्ते असतील, तर एकच तक्रार म्हणजे ०.५ टक्के. एका माणसानं 'अनसबस्क्राइब' शोधण्याऐवजी शेजारचं 'स्पॅम' बटण दाबलं, की तो धंदा त्या दिवशी मर्यादेच्या बाहेर. छोट्या यादीत शून्य आणि उल्लंघन यांच्या मध्ये एकही पायरी नसते. लोक ते बटण वाईट हेतूनं दाबत नाहीत. कुणी नाव काढण्याचा सोपा मार्ग म्हणून दाबतं, कुणाचं बोट चुकतं.

आणि हे प्रमाण बघायचं कुठे? जीमेलनं त्यासाठी पोस्टमास्टर टूल्स नावाची सोय दिली आहे. पण ज्यांचे मेल कमी असतात त्यांना तिथे आकडे दिसतच नाहीत. ग्राहकांची खासगी माहिती उघड होऊ नये, हे त्यामागचं एक कारण. म्हणजे मर्यादा लागू, पण मोजमाप झाकलेलं. वेगमर्यादा लावायची आणि गाडीतला काटाच काढून घ्यायचा, असं हे झालं. यादी एकदम मोठी झाली तरच आकडे दिसू लागणार, आणि यादी प्रामाणिकपणे वाढवायची तर आधी आकडे हवेत.

याहून जास्त त्रास शांतपणे होणाऱ्या नकाराचा आहे. मेल नाकारून परत पाठवला तर निदान एक कोड येतो, त्यावरून शोध घेता येतो. पण बहुतेक वेळा मेल 'पोचला' असं उत्तर येतं आणि तो स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडतो. पाठवणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. काही आठवड्यांनी विक्री घटते, मग वाटतं ग्राहकांना मालच आवडेनासा झाला. माणसं किंमत कमी करतात, नवे फोटो काढतात, स्वतःच्या कामावर शंका घेतात. आणि नुसते जाहिरातीचे मेल जात नाहीत. त्याच डोमेनवरून जाणारी पैसे मिळाल्याची पावती, डाउनलोडचा दुवा, पासवर्ड बदलण्याचा मेल, हेही तिकडेच जाऊ लागतात. ग्राहकाला वाटतं फसवणूक झाली. तो पैसे देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करतो, पैसे परत घेतो, वर विक्रेत्याला दंड बसतो. मेल कुठे आहे हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं.

कोण उघडतं, कोण उघडत नाही ते पाहा आणि न उघडणाऱ्यांची नावं काढा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो पाळणंही आता सोपं राहिलेलं नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये एक खासगीपणाची सोय आली. ती चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि मेल उघडला नसला तरी उघडल्यासारखा दिसतो. वाचकाच्या खासगीपणासाठी ती योग्यच आहे. वाचकावर कुणी पाळत ठेवू नये. पण मग ज्या खुणेवर यादी साफ ठेवायची ती खूणच गेली, हे आपल्या सल्ल्याच्या पानांवर स्पष्ट लिहायला हवं ना?

छोटा धंदा स्वतःचा मेलसर्व्हर चालवत नाही. तो एखाद्या मेल पाठवणाऱ्या सेवेकडे जातो, आणि तिथे त्याच्या वाट्याला शेकडो इतरांबरोबर एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर सर्व्हर ओळखण्याचा क्रमांक, येतो. शेजाऱ्यांपैकी कुणी विकत घेतलेल्या यादीवर मेल पाठवले, की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि सगळ्यांचे मेल अडतात. वेगळा आयपी पत्ता घ्यायचा तर महिन्याचे पैसे जास्त, आणि इतक्या कमी मेलवर त्या पत्त्याची पत कधी तयारच होत नाही. २०१६ मध्ये आणखी एक प्रकार उघड झाला. हल्लेखोरांनी यंत्रं वापरून हजारो वेबसाइटांच्या नोंदणी-फॉर्ममध्ये काही निवडक लोकांचे पत्ते भरले, म्हणजे त्यांचे मेलबॉक्स नको त्या न्यूजलेटरांनी बुजून जावेत. ज्यांच्या फॉर्मचा गैरवापर झाला, त्यांच्याकडून मेल गेले हे खरं. पण तेही त्या हल्ल्यात वापरले गेलेलेच होते. नाव नोंदवल्यावर पुष्टीचा मेल पाठवायचा आणि त्यातला दुवा दाबल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही, हा त्यावरचा उपाय. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक धंद्याला मी तो करायलाच लावते. नावं कमी जमतात, पण जमतात ती खरी असतात. यादी विकत घेणाऱ्याचं काम मी करत नाही, आणि त्याच्यासाठी इथे एक शब्दही मागत नाही.

स्पॅमरांचं काय होतं तेही मी रोज पाहते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सांगतात की मेल खरंच या डोमेनवरून आला. ते डोमेन चांगल्या माणसाचं आहे की नाही, हे सांगत नाहीत. फसवणारा नवं डोमेन घेतो, तिन्ही नोंदी लावतो, काही दिवस वापरतो, बदनाम झालं की टाकून देतो. त्याला डोमेनच्या नावाची पर्वा नसते. विणकाम करणाऱ्या बाईंचं डोमेन म्हणजे त्यांच्या धंद्याचं नाव. पाकिटावर, लेबलावर, जुन्या ग्राहकांच्या डोक्यात तेच असतं. डोमेनला लागणारा डाग फक्त प्रामाणिक माणसालाच पुसता येत नाही. त्यात जीमेलच्या नियमानुसार एकदा 'मोठा पाठवणारा' म्हणून नोंद झाली की ती कायमची, आणि मोजणी मुख्य डोमेनवर होते. सणासुदीच्या एका मोठ्या दिवशी ५,००० चा आकडा गाठला, तर पुढची सगळी वर्षं तोच दर्जा.

कायदा इथे मदतीला येत नाही. कॅन-स्पॅम कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की मेलसेवा देणाऱ्यांनी कुठला मेल घ्यायचा आणि कुठला नाकारायचा, या त्यांच्या धोरणाला हा कायदा हात लावत नाही. २००३ मध्ये ते समजण्यासारखं होतं. सेवा देणारे पुष्कळ होते, आणि एकानं नाकारलं तर बाकीचे होते. आज मोजक्या कंपन्यांच्या हातात बहुतांश मेलबॉक्स आहेत. सरकारी नियामक दंड करतात तेव्हा नोटीस येते, म्हणणं मांडता येतं, अपील करता येतं. कॅनडात कॉम्प्यु-फाइंडर या कंपनीला २०१५ मध्ये ११ लाख डॉलरचा दंड सुनावला गेला आणि तिनं दाद मागितल्यावर २०१७ मध्ये तो २ लाखांवर आला. त्या कायद्यात दंड ठरवताना दंड भरणाऱ्याची ऐपत पाहावी असं लिहिलेलं आहे. कंपनी दोषीच ठरली, पण ऐकून घेतल्यानंतर. मेलबॉक्सच्या गाळणीपुढे, म्हणजे स्पॅम वेगळे काढणाऱ्या यंत्रणेपुढे, असं काहीच नाही. तिथली शिक्षा कुठल्याही दंडापेक्षा लवकर बसते आणि तिचा कागद कधीच येत नाही.

'कारणं सांगितली तर स्पॅमर शिकतील,' हे आपलं उत्तर मला माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. गाळणीचा प्रत्येक निकष उघड करा, असं मी म्हणत नाही. पण ज्याचं डोमेन काही वर्षं जुनं आहे, ज्यानं आपली ओळख पटवून दिली आहे, ज्याच्याकडे प्रत्येक नावापुढे पुष्टीची तारीख आहे, त्याला चार ढोबळ प्रकारांपैकी एक सांगितला तर स्पॅमर काय शिकणार? मजकूर, तक्रारी, सामाईक आयपी पत्ता की नोंदींमधली चूक, एवढंच. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं कुणाचा मजकूर काढला किंवा त्याची दृश्यता कमी केली तर कारण द्यायला लावलं आहे, आणि त्यामुळे फसवणाऱ्यांचं फावलं म्हणून कुणी तो मागे घेतलेला नाही. ती तरतूद मजकूर साठवणाऱ्या सेवा आणि त्यांचे वापरकर्ते यांच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये न पोचलेल्या मेलसाठी ती छोट्या विक्रेत्याच्या कामी येत नाही. तो विचार मात्र इथे आणता येईल.

कंपन्यांकडे माझी पहिली मागणी: छोट्यांना तक्रारींचा आकडा दाखवा. टक्का दाखवता येत नसेल तर तीन महिन्यांतल्या एकूण तक्रारी 'शून्य', 'थोड्या', 'धोक्याच्या' अशा तीन पायऱ्यांत दाखवा. त्यातून कुणाची ओळख उघड होत नाही. दिवसाला हजारभर मेलही न पाठवणाऱ्यांना टक्क्यांनी मोजू नका, ठरावीक काळातल्या तक्रारींच्या संख्येनं मोजा, म्हणजे एका चुकलेल्या बोटानं कुणाचं डोमेन डागाळणार नाही. 'मोठा पाठवणारा' हा दर्जा वर्षभर आकडा खाली राहिला तर उतरवा. आणि अपिलासाठी एक फॉर्म ठेवा, ज्याला ठरलेल्या दिवसांत माणसाकडून उत्तर येईल. मोठ्यांसाठी या वाटा आहेत. त्यांच्या तंत्रज्ञांना आपली माणसं उद्योगाच्या बैठकांमध्ये भेटतात, नावानं ओळखतात. त्या संघटनांची सभासद-फी एकट्यानं धंदा करणाऱ्याला परवडत नाही.

नियामकांकडे माझं मागणं असं आहे की आपसांत बसून एक किमान समान पद्धत मान्य करा. पुष्टी करून घेतलेली संमती, तिची तारखेसह नोंद, एका क्लिकची सुटका आणि नोंदवलेली ओळख, एवढं ज्याच्याकडे आहे तो कुठल्याही देशाच्या कायद्यापुढे पहिल्या चुकीसाठी इशाऱ्याला पात्र ठरावा, दंडाला नाही. एका मेलमागे ५३,००० डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो, हे अमेरिकेच्या कायद्यातलं वाक्य मोठ्या कंपनीला धाक घालतं. एकट्या माणसाला ते धंदाच बंद करायला लावतं. आपण ऐकून घेऊ शकता हे कॅनडानं दाखवलं आहे. कुणालाही थेट खटला भरू देणारी तरतूद १ जुलै २०१७ ला लागू व्हायची होती. व्यावसायिकांनी आणि संस्थांनी चिंता मांडल्यावर सरकारनं ती आदल्या महिन्यात थांबवली, आणि बाकीचा कायदा आजही तितकाच कडक आहे. आणि मेलबॉक्स कंपन्यांच्या नकाराला कारण आणि अपील असावं, हे कायद्यात लिहिण्याचं काम आपल्याशिवाय कुणी करू शकत नाही.

यातलं काही यायला वर्षं लागतील, हे मी जाणते. पण एक गोष्ट याच वर्षी होऊ शकते, आणि तिला ना नवा कायदा लागतो ना गाळणीचं गुपित फोडावं लागतं. पैसे दिल्याची पावती आणि विकत घेतलेल्या वस्तूचा दुवा, एवढे दोन प्रकारचे मेल, डोमेनच्या नोंदी नीट असतील तर, शांतपणे स्पॅम फोल्डरमध्ये टाकू नका. शंका असेल तर नाकारून परत पाठवा, कारणाच्या कोडसह. परत आलेला मेल दिसतो. तो दिसला, की विक्रेता त्याच दिवशी ग्राहकाला दुसऱ्या मार्गानं कळवू शकतो की तुमचे पैसे पोचले आहेत आणि वस्तू तुमचीच आहे.

आपली नम्र,
छोट्या ऑनलाइन व्यवसायांची मेलव्यवस्था सांभाळणारी एक तंत्रज्ञ